दगडासोबत आलेले

दगड नागपूरहून आला, ट्रॅव्हल्सच्या शेवटच्या सीटवर,
थर्माकोलच्या डब्यात, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला,
माझ्या मांडीवर.
दातांचे डॉक्टर मुंधडा मुलाकडे हैदराबादला निघाले होते,
त्यांनी घरातला समुद्र मोडीत काढला.
दगडही अस्सल नाही, म्हणाले, सिमेंटचा आहे,
पण सहा वर्षं खाऱ्या पाण्यात मुरलाय.
वरूडला उतरलो तेव्हा माझ्या कपड्यांना एक वास होता
जो आमच्या तालुक्यात कुणाच्याच ओळखीचा नव्हता.

आम्ही कलमांची माणसं.
जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतो.
कलमं ट्रकमध्ये चढतात, आणि मातीच्या पेंडीत
कोणी ना कोणी बिनतिकिटाचं बसलेलं असतंच:
लव्हाळ्याची गाठ, हुमणी, एकदा विंचवाचं पिल्लू.
म्हणून दगड पाण्यात सोडला
आणि खुर्ची ओढून बसलो.
हा एकटा आलेला नाही.

पाणी कॅनवाल्याचं, मीठ पाकिटातलं, लाटा इन्व्हर्टरवर.
टॉर्चला लाल कागद, आकाशकंदिलातून उरलेला.
लाल उजेड त्यांना दिसत नाही म्हणे.
कलमांच्या हिशोबाच्या वहीत, मागच्या पानापासून, नोंदी.

पहिला गुलाबी, गोमेसारखा, पण गोम नाही.
दोन्ही अंगांना पांढरी लव.
बोट लावलं. खाजकुयली बरी!
चंद्रकलानं सेलोटेप चिकटवून काटे उपटले.
'चिमट्यानं काढा त्याले, अन् द्या फेकून.'
रात्रभर पाहिला. उरलंसुरलं खातो, कुणाला छळत नाही.
त्याच्यापुढे लिहिलं: राहू द्या.

दुसरं तिला आवडलं.
काचेसारखं तपकिरी फूल, सावली पडली की मिटायचं.
'फूल आलं बाई तुमच्या गोट्याले.'
आठ दिवसांत फुलं अकरा.
एक खुडलं, तर खुडल्या जागी तीन.
नाव नाही कळलं, जात कळली: बांडगूळ.
इन्सुलिनच्या सुईत जंबेरीचा रस भरला,
आपल्याच धुऱ्यावरची जंबेरी, जिचं फळ कुणी खात नाही,
आणि एकेकाच्या तोंडात सोडला.
दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

मग चांदण्या, तांदळाएवढ्या.
कुणाला पाय पाच, कुणाला सहा, कुणाचे अर्धे अजून उगवायचे.
नयननं शाळेत सांगितलं, आमच्या घरी काचेवर चांदण्या चालतात.
मास्तरांनी खोटं बोलतो म्हणून उभा केला,
आणि संध्याकाळी स्वतःच आले.
चपला हातात घेऊन बराच वेळ उभे होते.

आणि एक टक्.
रात्री दीडच्या सुमारास, हरभरा तव्यावर फुटावा तसा.
आधी वाटलं काचच तडकली.
दगडाच्या पोटाला एक भोक आहे;
उजेड नेला की आत काहीतरी मागे सरतं.
बाटलीचा सापळा लावला, आत सुकट.
सकाळी बाटली रिकामी, सुकटही गेलेली.
मुंधडांना विचारलं. 'माझ्याकडे असं काही नव्हतं हो.'
सहा वर्षं त्यांच्या हॉलमध्ये राहिला असेल तो.
दिवसभर ड्रिल ऐकणारे कान.
वहीत प्रश्नचिन्ह.
एक गोगलगाय शंखासकट फुटलेली सापडली, त्या दिवशी दुसरं.
त्याला काढायचं तर दगड उकळावा लागेल,
म्हणजे सगळेच.

मे महिन्यात लाइन गेली. इन्व्हर्टरही बसला.
लाटा थांबल्या.
पाण्यात बर्फाच्या बाटल्या सोडून आम्ही काळोखात बसलो,
चंद्रकला त्याच वहीनं पाण्यावर वारा घालत होती.
मासा एका अंगाला कलला होता.
बराच वेळ काहीच हललं नाही.

टक्.

'हाय थो,' ती म्हणाली,
आणि वही दुसऱ्या हातात घेतली.